काळ्या कापडाची सायकल

कार्बनचं कापड पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते नाकाला लावलं होतं. कापसाच्या मुलखातला माणूस कुठलंही कापड आधी हुंगतोच. याला वास नव्हता. काळंभोर, चकचकीत, आपल्या जळगावच्या चटईसारखं आडवं-उभं विणलेलं, आणि इतकं लुळं की खांद्यावर टाकलं तर उपरण्यासारखं घरंगळून खाली आलं. बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि विचारलं, "काळं कापड कशाला आणलंत? संक्रांतीला अवकाश आहे अजून."

"सायकल बनवायची आहे."

"कापडाची?"

"कापडाची."

ती पोळी उलटायला वळली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही बोलत नाही, तेव्हा तिला जे म्हणायचं असतं ते मला बरोबर ऐकू येतं.

पण खरंच कापडाचीच. या लुळ्या कापडाला रेझिन पाजायचं, म्हणजे मधासारखं दाट रसायन ब्रशानं मुरवायचं, एकावर एक थर चढवायचे, आवळून बांधायचे आणि वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी तेच कापड लोखंडाला ऐकत नाही. हे मी आता पुष्कळदा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी बांधलेली पट्टी सोडली की मी ते आधी चाचपून पाहतो. आत कापड गेलं होतं आणि आता कापड नाही, हे बोटांना पटतच नाही.

मी जळगावला प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात तपासणीवर आहे. माझं काम नापास करण्याचं. पाइपाची जाडी कुठं कमी भरली, कुठं बुडबुडा दिसला, की मी त्यावर लाल खडूनं फुली मारतो आणि तो पाइप पुन्हा भुग्यात जातो. मशीनवरची पोरं म्हणतात, "साहेबांच्या खिशात पेन नसंल एखाद्या वेळी, फुली कायम असते." ते खोटं नाही. माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे आतून लाल आहेत. दुसऱ्याच्या मालावर फुली मारताना माझा हात कधी अडखळला नाही, हे मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. आता सांगत नाही.

छंद लागला तो मोबाइलवर. परदेशातला एक माणूस आपल्या गाडीच्या शेडमध्ये सायकलची चौकट बनवत होता, ते पाहिलं आणि झोप उडाली. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी सुरुवात केली. पहिले प्रयोग सांगण्यासारखे नाहीत. एकदा ऐन चैत्रात स्टीलच्या पेल्यात जास्तीचं रेझिन, त्याला घट्ट करणारं रसायन घालून, कालवून ठेवलं, तर ते आपोआप उकळायला लागलं आणि पेल्यातून धूर निघाला. "तिकडे चहा ठेवलाय का?" बायकोनं आतून विचारलं. पेला फेकावा लागला. घासकामाची धूळ अंगाला लागली की आठवडाभर खाज सुटे. तेव्हापासून तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायचे नाहीत, हा बायकोचा कायदा.

मग पहिली नळी साधली. पीव्हीसी पाइपावर मेण चोळून त्यावर कापड गुंडाळलं होतं. कापड कडक झालं, पण आतला पाइप काही केल्या निघेना. ओढला, ठोकला, पिळला. शेवटी कंटाळून तसाच खोलीत ठेवून दिला. ते पौषाचे दिवस होते आणि पहाटे आमच्याकडे अशी थंडी पडते की नळाचं पाणी दातांना लागतं. सकाळी सहज नळी उचलून उभी केली, तर आतला पांढरा पाइप सळ्ळकन खाली घसरला आणि फरशीवर आपटला. थंडीत पीव्हीसी आक्रसतं. कार्बन आक्रसत नाही. पाइपांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे ठाऊक होतंच, पण ठाऊक असणं वेगळं आणि ते हातात घडणं वेगळं. काळी नळी माझ्या हातात राहिली. तिच्यातून मी उगवतीकडे पाहिलं. हातात वजन म्हणावं असं काही नव्हतं. नळी जमिनीवर आडवी टाकून मी तिच्यावर उभा राहिलो. ती वाकली नाही. मी बायकोला हाक मारली, तीही उभी राहिली, शालीसकट. "अगं बाई," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं मला वेड्यात काढणं थोडं कमी केलं.

आता नानांबद्दल.

नाना म्हणजे माझे मोठे भाऊ. धुळ्याला असतात. आयुष्यभर एसटीवर ड्रायव्हर होते. दिवसभर बस हाकायचे आणि घरून डेपोत जायचं ते मात्र सायकलीनं. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "दिवसभर दुसऱ्यांना नेतो. हा एवढा रस्ता माझा." निवृत्तीनंतरही रोज सकाळी पांझरा नदीच्या काठानं त्यांची फेरी असे. मग पाठीचे मणके बिघडले, ऑपरेशन झालं, कण्यात पट्ट्या बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं की सायकल चालवायला हरकत नाही, पण वाकायचं नाही, पाय उंच उचलून टाकायचा नाही, जड काही उचलायचं नाही. आणि पडायचं तर मुळीच नाही. पडलात तर मग उठवणं आमच्या हातात नाही.

त्यांची जुनी सायकल दांडीची आणि जड. बाजारात बिनदांडीच्या मिळतात, पण त्याही वजनदार, आणि नानांच्या घराचा ओटा उंच. सायकल रोज ओट्यावरून आत न्यायची तर उचलावी लागणार. वहिनी म्हणाल्या, मी उचलीन. नाना म्हणाले, "तू उचलशी आनि मी चालवसू? मंग तूच चालव ना." त्यावर विषय संपला. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले. वहिनींचा फोन आला की सांगायच्या, "भाऊजी, हे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचतात. मोठ्यानं. कुणाशी बोलत नाहीत, नुसते नंबर."

त्या नंबरांनी मला गाठलं. मी धुळ्याला गेलो आणि म्हणालो, "नाना, मी तुम्हाला सायकल बनवून देतो. दांडी नसलेली, एका हातानं उचलाल अशी."

नानांनी विचारलं, "कसानी?"

"कापडाची."

"भाऊ, मना मणका बिघडेल शे, डोकं नही."

पण मी मापं घ्यायला लागलो तसे ते उभे राहिले. भिंतीला पाठ लावून उभं केलं, लाल खडूनं खुणा केल्या: मांडीची उंची, हाताची लांबी, पाय किती उचलतो ते. वहिनी म्हणाल्या, "सायकल शिवताय की शेरवानी? पुन्हा लग्न लावायचंय का यांचं?" नाना हसले. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. निघताना म्हणाले, "आखाजीले चक्कर मारू मंग."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, घरोघरी आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी. त्या दिवशी गल्लीतून सायकलीवर निघायचं असं नानांनी मनाशी ठरवलं. मीही 'हो' म्हणालो. त्या 'हो'ला मी फार घट्ट धरून बसलो, आणि सगळं तिथून बिघडलं.

दांडी नसलेल्या चौकटीत सगळा भार खालच्या एका सांध्यावर येतो. पायडलांचा आस जिथं बसतो तिथं चार नळ्या येऊन मिळतात. नळ्या एकमेकींत बेताच्या कापून चिकटवायच्या, मग सांध्यावर कापडाच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून गुंडाळायच्या, दरवेळी दिशा बदलून, म्हणजे ओढ कुठूनही आली तरी काही धागे तिच्या रेषेत असतात. वरून सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी करकचून आवळायची. डोक्याचा, म्हणजे हॅन्डलखालचा, आणि मागचा सांधा मी फाल्गुनात निवांतपणे केला. हा खालचा शेवटी उरला. मध्ये कारखान्यात कामाची गर्दी झाली, आणि पाहता पाहता आखाजी आठवड्यावर आली.

चैत्र-वैशाखातलं जळगावचं ऊन मी सांगायला नको. आमच्या गच्चीवर तेव्हा बायकोचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या धोतरावर थापायचा, कडक वाळला की मागून पाणी शिंपडून धोतर सोलून काढायचं. मीही सांध्यावर एक पातळ कापड शेवटच्या थरात गुंडाळतो आणि नंतर सोलून काढतो. त्यामुळे आम्ही दोघं एकाच गच्चीवर एकच काम करतोय असं बायकोला वाटे. "तुमचं तळून खाता येत नाही एवढंच," ती म्हणायची.

आणि इथं मी ती चूक केली, जी खान्देशातला माणूसच करील. आमचा उन्हावर विश्वास आहे. मिरची, हळद, गहू, गाद्या, जे पक्कं करायचं ते उन्हात. गुंडाळलेला सांधा सावलीत आपल्या गतीनं बसू द्यायचा, हे मला पाठ होतं. पण सण तोंडावर आला होता. म्हटलं, उन्हात ठेवू, लवकर कडक होईल. ओली चौकट मी गच्चीवर बिबड्यांशेजारी दोन विटांवर ठेवली आणि खाली जेवायला गेलो.

रेझिन उन्हानं घट्ट होतं हे खरं. पण घट्ट होण्याआधी ते पातळ होतं. तापलेल्या तुपासारखं.

बिबडे उलटायला गेलेली बायको वरून म्हणाली, "अहो, तुमचं तेल गळतंय."

मी वर गेलो. सांध्याखाली, फरशीवर, एक चकचकीत थारोळं साचलं होतं. रुपयापेक्षा मोठं. तेवढं रेझिन कापडात असायला हवं होतं.

"जास्तीचं आहे ते," मी म्हणालो. आणि फडक्यानं पुसून टाकलं.

ते पुसणं मला अजून दिसतं. मी ते घाईघाईनं पुसलं नाही. नीट, कडा धरून, फरशी स्वच्छ होईपर्यंत पुसलं.

सांधा कडक झाला, घासला, वर चकाकीचा थर दिला. दिसायला इतका देखणा झाला की काळ्या विणीत आपला चेहरा दिसावा. मग तपासणी. कार्बनची तपासणी नाण्यानं करतात. नाणं हळूहळू ठोकत न्यायचं. थर एकजीव असतील तर आवाज टणक येतो, कुठं पोकळी असेल तर मुका. हे मी कुठल्या व्हिडिओत पाहण्याच्या फार आधी शिकलो होतो, नानांकडूनच. ते बस काढण्याआधी टॉमीचा लोखंडी दांडा घेऊन गाडीला फेरी मारायचे आणि प्रत्येक टायर ठोकायचे. ठण्ण आला की पुढं. थप्प आला की आतल्या जोडीच्या टायरात हवा नाही. लहानपणी सुट्टीत त्यांच्या गाडीवर गेलो की ते इंजिन चालू करण्याआधी विचारायचे, "टायर ठोकले का?" मी ठोकलेले असले तरी स्वतः पुन्हा ठोकायचे.

मी रुपया घेऊन चौकट ठोकायला घेतली. पुढची तिरकी नळी, मागच्या दोन्ही कांड्या, डोकं. सगळीकडे टण टण टण. खालच्या सांध्याशी आलो आणि नाणं खिशात टाकलं. चहा झाला होता, बायको बोलावत होती. मी तेच कारण धरलं.

चौकट धुळ्याला नेली ती एसटीनं. चाकं आणि बाकीचं सामान गोणीत, चौकट मांडीवर. पारोळ्याच्या पुढं कंडक्टर येऊन उभा राहिला. "काका, ह्या पाइपचं लगेज लागंल."

"उचलून बघा," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हातांनी जोर लावून उचलली आणि ती त्याच्या डोक्यावर गेली, टपाला लागता लागता वाचली. "आयला, हिच्यात काहीच नाही!" त्यानं ती पुढच्या माणसाला दिली, त्यानं त्याच्या पुढच्याला. चौकट ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत जाऊन परत आली. अख्खी बस तोंडात बोट घालून पाहत होती. लगेज कुणी घेतलं नाही. माझी छाती फुगली, पण चौकट मांडीवर घेताना मी खालचा सांधा हातानं झाकला. इतक्या लोकांनी कौतुकानं हात फिरवला होता त्याच सांध्यावरून.

नानांनी चौकट हातात घेतली तेव्हा ओट्यावर शेजारपाजार जमला होता. त्यांनी ती एका हातानं उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. ऑपरेशननंतर त्यांना पाण्याची बादलीही कुणी उचलू देत नव्हतं. "यानं वजन कथं गयं रे भाऊ?" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मी गोणी सोडायला वळलो. संध्याकाळपर्यंत चाकं, साखळी, ब्रेक, सगळं बसवलं. नाना खुर्ची जवळ ओढून पाहत होते. त्या दिवशी त्यांनी एकाही गाडीचा नंबर वाचला नाही.

आखाजीच्या सकाळी त्यांनी जुनी खाकी पँट काढली. वहिनींनी सायकलला हळदकुंकू लावलं. गल्लीतल्या माहेरवाशिणी झोके सोडून पाहायला आल्या. कुणीतरी म्हणालं, "नाना, हॉर्न कुठे?" नाना म्हणाले, "मी शे ना." सगळे हसले. त्यांनी हॅन्डल धरलं, सायकल सरळ केली, मग माझ्याकडे वळले आणि सवयीनं, अगदी सहज, विचारलं,

"ठोकी पाह्यं का बठ्ठं?"

"हो, सगळं," मी म्हणालो.

या वेळी त्यांनी स्वतः पुन्हा ठोकलं नाही. ते माझ्यावर विसंबले. पाय थोडासा उचलून त्यांनी पलीकडे टाकला, मी मापलं होतं तसाच, न वाकता. जमलं. वहिनींनी टाळी वाजवली. नानांनी पायडल वर घेतलं आणि त्यावर पाऊल ठेवलं.

मला त्या पावलाखाली फरशीवरचं थारोळं दिसलं.

"थांबा, नाना."

"काय व्हयनं?"

"उतरा. मी ठोकलं नाहीये. खालचा सांधा ठोकला नाहीये."

नाना उतरले. मी खाली बसलो, खिशातून रुपया काढला आणि वरून सुरुवात केली, कारण एकदम तिथं जायची माझी हिंमत नव्हती. टण. टण. टण. सगळ्यांना ऐकू जात होतं. मग सांध्याची वरची बाजू आली आणि नाणं थप्प म्हणालं. पुन्हा ठोकलं. थप्प. चार बोटांच्या जागेत ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज.

मी खिशातून खडू काढला आणि त्या देखण्या काळ्या सांध्यावर लाल फुली मारली. आयुष्यात मारलेल्या फुल्यांतली ही एकच अशी, जी मारताना हात अडखळला.

मग मी सगळं सांगितलं. ऊन, गळलेलं रेझिन, ते पुसणं, खिशात टाकलेलं नाणं, आणि आत्ताचं 'हो'. लोकांसमोरच सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे पडले असते तर?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

नाना आत गेले. मला वाटलं, संपलं. आता ते खुर्चीवर बसतील आणि पुन्हा नंबर वाचतील, आणि मी कितीही सायकली केल्या तरी ते उठणार नाहीत. माणसाला एकदा उठवून पुन्हा बसवणं हे न उठवण्यापेक्षा वाईट, हे मला त्या ओट्यावर कळलं.

ते बाहेर आले ते हातात लोखंड कापायची करवत घेऊन.

"काप," ते म्हणाले. "पाहू दे माले आतमा काय शे ते."

आम्ही दोघांनी तोंडाला ओले रुमाल बांधले. धूळ उडू नये म्हणून वहिनी तांब्यानं पाणी सोडत राहिल्या. आधी करवत चुकून चांगल्या जागी लागली आणि नुसती घसरायला लागली. नवं पातं होतं, पण कापड कापलं जाईना. पात्याचे दात बोथट झाले. नाना मान हलवत पाहत होते. मग फुलीच्या जागी कापायला घेतलं आणि करवत लोण्यात शिरावी तशी आत गेली.

सांधा उघडला. आतलं कापड कोरडं होतं. नखानं धागे सुटत होते, वेचणीच्या कापसासारखे, फक्त काळे. आणि त्याला लागूनच, बोटभर अंतरावर, तेच कापड, तेच रेझिन, त्याच दिवशी त्याच हातांनी लावलेलं, दगडासारखं. नानांनी एका बोटानं कोरडी जागा चाचपली, मग टणक, मग पुन्हा कोरडी. किती तरी वेळ. माझ्यावर रागवायचं ते विसरूनच गेले होते जणू.

"म्हंजे ते प्यालं तर लोखंड," ते अखेर म्हणाले, "आनि उपाशी राह्यलं तर चिंधी."

"हो."

"माले सांगाले इतली लाज कसानी वाटनी तुले?"

मी मान खाली घातली. सांगितलं, की तुम्ही पुन्हा खुर्चीवर बसाल याची भीती वाटली.

"आनि पडतू तं?" त्यांनी विचारलं. मग करवत माझ्या हातातून घेतली. "दुसरी कर. पन घाई करू नको. मी काय पयी जाई राहिनू का?" नाना पळून जाणारे नव्हतेच.

दुपारी आमरस-पोळी झाली. मी पोळीला नको म्हणालो. नानांनी माझ्या पानात पोळी वाढायला लावली आणि कापलेल्या सांध्याचा तुकडा पाटाशेजारी ठेवून जेवले. जो येईल त्याला दाखवत होते: "हाई पहाय. इकडे नख लाव. आते इकडे लाव."

दुसऱ्या चौकटीसाठी मी एक जुनं लोखंडी कपाट घेतलं, आतून थर्माकोल लावला, दोन बल्ब टांगले. सांधा आधी सावलीत एक पूर्ण दिवस आपला आपण बसू द्यायचा, मगच कपाटात, मंद उबेला, वरून गोधडी. बायको म्हणे, "बाळंतिणीची खोली झाली ही." दर काही दिवसांनी नानांचा फोन यायचा. खुशाली नाही, काही नाही. "ठोक." मी फोन नळीला लावायचो आणि रुपयानं ठोकत न्यायचो, आणि तिकडे धुळ्यात ते कान देऊन ऐकायचे. एखाद्या जागी म्हणायचे, "मांघे ये. तठे परत." मी परत ठोकायचो. "हां. चाल पुढे." नव्वदेक किलोमीटरवरून माझा भाऊ काळ्या नळीच्या पोटातला आवाज ऐकत होता, आणि पत्र्याच्या खोलीत ते ऐकवताना मला वाटायचं की मी याआधी कधी कुठल्या वस्तूला इतकं खरं हाताळलंच नव्हतं. कारखान्यातसुद्धा नाही. वहिनी सांगायच्या, खुर्ची ओट्यावर असते, पण नाना तिच्यावर नसतात. सकाळी नदीपर्यंत चालून येतात, पायात जोर राहावा म्हणून.

खालचा सांधा पावसाळा सरल्यावर केला. वरून पट्टी सोडली, कापड सोललं, आणि चकाकीचा थर देण्याआधी, तसाच खरखरीत असताना, पहिल्यांदा तोच ठोकला. बायकोला शेजारी उभी करून. तीच म्हणाली, "वाजला की!"

कापूस वेचणीला आला होता तेव्हाची धुळ्यातली सकाळ. हवेत गारवा. या वेळी नानांनी गर्दी बोलावली नव्हती, नाना-वहिनी आणि आम्ही दोघं, असे चौघंच होतो. वहिनींनी पुन्हा कुंकू लावलं. नानांनी हॅन्डल धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं नाही. मी रुपया काढून त्यांच्यापुढे धरला.

"तूच ठोक," ते म्हणाले. "मना कान आते म्हातारा व्हई गयात." फोनवर इतके महिने ऐकणारे कान.

मी ठोकलं. पूर्ण चौकट, आणि शेवटी खालचा सांधा, चारही बाजूंनी. टण टण टण टण. त्यांनी डोळे मिटले होते. मग मान हलवली, पाय पलीकडे टाकला, पायडल वर घेतलं आणि पूर्ण भार दिला.

सायकलीतून काहीच आवाज आला नाही. ना कुरकुर, ना चरचर. ते नुसते पुढं सरकले, जसं पाण्यावरून काही सरकावं, पाठ ताठ, खाकी पँट, हात सैल. काल-परवापर्यंत चटईसारखं गुंडाळी करून ठेवलेलं कापड माझ्या भावाला घेऊन चाललं होतं. मी ते केलं होतं आणि मला ते कळत नव्हतं. गल्लीच्या टोकाला ते वळले आणि दिसेनासे झाले.

आम्ही तिघं रस्त्याकडे पाहत उभे राहिलो. रुपया माझ्या मुठीत घामानं ओला झाला होता. फार वेळ झाला असं मला वाटलं. बायकोनं माझं मनगट धरलं.

मग दुसऱ्या बाजूनं, नदीकडच्या रस्त्यानं, ते आले. चेहरा लाल झाला होता. वहिनी पुढं होऊन हात करत ओरडल्या, "अहो, थांबा! थांबा इथं!"

नाना थांबले नाहीत. आमच्यासमोरून जाताना नुसतं ओरडले, "विनाथांबा गाडी शे!" आणि पुन्हा वळणाच्या दिशेनं निघून गेले.

वहिनी ओट्यावरची खुर्ची घडी करून आत घेऊन गेल्या. मी तिथंच उभा राहिलो, ते 'विनाथांबा' परत ऐकायला.